उजव्या पायाखालची कटकट

कोंढवा, येवलेवाडी मागे पडते आणि बोपदेव घाटाचा चढ लागतो, तिथे रहदारीचा गलका कमी होतो आणि सायकलस्वाराला पहिल्यांदा स्वतःची सायकल ऐकू येते. जुलैच्या शेवटी मला माझी ऐकू आली. क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असतं तो हात, वरून पुढे येतो, घड्याळाच्या हिशेबाने दोन वाजतात, उजव्या पायाचा पूर्ण जोर पडतो आणि ‘कट’. डाव्या पायाला काही नाही. पुन्हा उजवा, पुन्हा ‘कट’. आदल्या रविवारी मी ताम्हिणी उतरून माणगावपर्यंत दिवसभर पावसात गेले होते. सायकलला लाल चिखल आणि वाळू लागली होती. घरी येऊन पाणी मारलं, चेनला तेल घातलं आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतरचा हा पहिला घाट.

तीन आठवड्यांवर 300 किलोमीटरची बीआरएम होती, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. मुदत 20 तासांची. त्यातले 15 तास तरी पाय फिरणार. मिनिटाला 70 फेरे धरले तर 63,000 फेरे, म्हणजे 63,000 वेळा ‘कट’. ज्यांनी रात्री दोन वाजता एकट्याने घाट चढलाय त्यांना हा आकडा समजेल. दिवसा सहन होणारा आवाज रात्री डोक्यात शिरतो, आणि पायात जोर असूनही माणूस हळूहळू जोर काढून घ्यायला लागतो.

माझी पेडलं क्लिपलेस आहेत. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पायाचा चवडा अडकवायला पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असे. त्या पिंजऱ्याला टो क्लिप म्हणत. नव्या प्रकारात तो पिंजरा गेला, म्हणून नाव क्लिपलेस. बुटाच्या तळव्याला एक पट्टी स्क्रूने बसवतात, तिला क्लीट म्हणतात. ती पेडलमधल्या स्प्रिंगच्या पकडीत खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. स्कीच्या बुटांची पकड बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने 1984 मध्ये हे तंत्र रस्त्यावरच्या सायकलींसाठी बाजारात आणलं आणि 1985 मध्ये बर्नार्ड इनोने त्याच पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली. शिमानोने 1990 मध्ये डोंगरी सायकलींसाठी दोन स्क्रूंची छोटी पोलादी क्लीट आणली. माझी आहे ती रस्त्यावरच्या सायकलची, तीन स्क्रूंची, मोठी, प्लास्टिकची.

म्हणजे पाय आणि सायकल यांच्यामध्ये किती सांधे आले बघा. पाऊल आणि बुटातला सोल, बूट आणि क्लीट, क्लीट आणि पेडल, पेडलचं अंग आणि त्याचा दांडा, दांडा आणि क्रँक. पाच. साध्या पायडलला यातले दोनच असतात.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. मामा एसटीच्या दापोडी कार्यशाळेत फिटर होता. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी अजून स्वतःच्या काळ्या सायकलचे छर्रे दर दिवाळीला काढून रॉकेलमध्ये धुतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. आमचं पटतं. पण बिघाड शोधायचा कसा, यावर आमचं कधीच एकमत झालेलं नाही. फोनवर आणि पुढच्या दोन शनिवारी त्याच्याकडे जे बोलणं झालं, ते आठवेल तसं लिहिते आहे.

मी : मामा, आवाज उजव्या पेडलमधूनच येतोय. मी तपासलंय. पाय थांबवून सायकल नुसती सोडली की आवाज बंद, म्हणजे चाकातला नाही. सीटवरून उठून चालवलं तरी येतो, म्हणजे सीट किंवा सीटपोस्टचा नाही. दर फेऱ्याला एकदाच येतो, म्हणजे चेनचाही नाही. चेनची एखादी कडी धरत असती, तर चेनचा पूर्ण वेढा फिरल्यावर आवाज आला असता, तीन-साडेतीन फेऱ्यांनी एकदा.

मामा : हुशार आहेस. आणि कान सांगतो म्हणून पेडल?

मी : कान सांगतो, पायही सांगतो. तळव्याला तो ‘कट’ जाणवतो.

मामा : कानावर जाऊ नकोस. पोकळ नळीच्या सांगाड्यात आवाज कुठून निघतो आणि कुठे ऐकू येतो याचा काही नेम नाही. बसच्या मागच्या कमानीची पट्टी तुटायची आणि ड्रायव्हर सांगायचा, स्टेअरिंगमधून आवाज येतोय. तू एक काम कर. सायकल घेऊन ये. सगळं खोलू. पुसू, ग्रीस लावू, कसून बसवू. आवाज जातो की नाही बघ.

मी : सगळं म्हणजे काय?

मामा : पायापासून एक्सलपर्यंत सगळं.

मी : मग कळणार कसं, आवाज कुठून येत होता ते?

मामा : कळायचंय कशाला? घालवायचाय ना?

आमचं भांडण आहे ते एवढंच. मला कारण हवं असतं. एका वेळी एक गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, मग दुसरी. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना हेच शिकवतो. मामाला सायकल हवी असते, कारण नव्हे.

मी : रेल्वेत चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकायचे ना? तडा गेलेलं चाक बद्द वाजायचं. ते कानावरच होतं की.

मामा : तिथे हातोडी कुठे मारायची ते ठरलेलं असतं. ठोका तुझ्या हातात असतो, जागा ठाऊक असते, फक्त आवाज ऐकायचा असतो. इथे तुला आवाज ठाऊक आहे आणि जागा ठाऊक नाही. ते आणि हे एक कसं?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण ठोका आपल्या हातात घेता येतो, हे मला त्या वाक्यावरूनच सुचलं. सायकल भिंतीला टेकवली, दोन्ही ब्रेक दाबले, उजवा क्रँक आडवा केला आणि क्लीट अडकवून त्यावर पूर्ण वजन टाकलं. ‘कट’. वजन काढलं, पुन्हा टाकलं, पुन्हा ‘कट’. मग बूट काढून साध्या चपलेने त्याच पेडलवर उभी राहिले. आवाज आला, पण बारीक, दबलेला. पुन्हा बूट घालून पाय अडकवला आणि जोर न देता टाच आत-बाहेर हलवली. या वेळी वेगळाच आवाज आला, ‘कुईं’. हे सगळं मी वहीत लिहिलं. चपलेचा तो बारीक आवाज मी तेव्हा फारसा मनावर घेतला नाही. तिथेच चुकले.

त्याआधी एक खर्च होऊन गेला होता, तोही सांगायला हवा. मामाकडे जाण्याआधी मी सायकल एका दुकानात दाखवली होती. तिथल्या माणसाने क्रँक धरून हलवला आणि सांगितलं, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकच्या एक्सलचं बेअरिंग, गेलं. नवीन बसवून दिलं. पैसे दिले, घरी येताना पहिल्याच चढाला ‘कट’.

मामा : त्याने सगळ्यात खोलचा भाग आधी काढला.

मी : तुझ्यासारखंच केलं की त्याने. खोललं आणि नवीन घातलं.

मामा : नाही. त्याने भाग बदलला. मी भाग बदलायचं म्हणतच नाही. भाग सहसा ओरडत नाही, सांधा ओरडतो. दोन तुकडे एकमेकांवर कोरडे घासतात तिथे आवाज येतो. सांधा साफ न करता नवा भाग घातलास तर तोही ओरडेल. आता ते बॉटम ब्रॅकेट परत काढू, नीट बसवलंय का बघू.

मी : नको. ते प्रेसफिट आहे. दाबून बसवतात आणि मागून ठोकून काढतात.

मामा : ठोका आतल्या रिंगवर बसतो?

मी : हो.

मामा : मग राहू दे. आतल्या रिंगवर ठोकून काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नसतं, छर्ऱ्यांच्या वाटेत खड्डे पडतात. त्याला सगळ्यात शेवटी हात लावू.

इथे मामा एक पायरी माझ्याकडे आला. ‘सगळं खोल’ याचा अर्थ ‘जे खोलल्याने बिघडणार नाही ते सगळं’, असा झाला. त्यातून एक क्रम निघाला : बाहेरून आत. बूट, क्लीट, पेडल, दांड्याचे आटे. बॉटम ब्रॅकेट अगदी शेवटी. मामा म्हणाला, क्रम तुझा, पण काम माझ्या पद्धतीने. आणि हात आधी आट्यांनाच घातला. चपलेवरचा बारीक आवाज माझ्या वहीत वाचून त्याने तेवढंच धरून ठेवलं होतं. बूट नसताना आवाज येतो, तर बुटाच्या पलीकडचं काहीतरी आहे, असं त्याचं म्हणणं.

माझ्या पेडलच्या दांड्याला पाना लावायला जागा नाही, क्रँकच्या मागून आठची अ‍ॅलन की घालावी लागते. कित्येक पेडलांना पंधराचा पाना लागतो. मामाला डाव्या पेडलचे उलटे आटे समजावून सांगावे लागले नाहीत. काही जुन्या बसगाड्यांच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटेच आटे असत, असं तो म्हणाला. ज्यांना समजावून सांगावं लागतं त्यांच्यासाठी एक सोपी खूण आहे : पेडलवर पाना किंवा अ‍ॅलन की उभी धरायची आणि तिचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकलायचं. उजवं असो की डावं, दोन्ही तसंच सुटतं. पुढच्या चाकाकडे ढकललं की कसलं जातं. हे माहीत नसल्यामुळे डावं पेडल सोडवायच्या नादात अधिकच आवळून आटे खराब केलेले क्रँक मी पाहिले आहेत.

मामा : हे बघ. आटे अगदी कोरडे आहेत. मुळात ग्रीस लावलेलं असेल तर ते पावसात धुऊन गेलं. आणि हे काळं बघ.

दांड्याच्या आट्यांवर काळपट भुकटी होती. क्रँकच्या भोकातही तीच.

मी : पण पेडल घट्ट होतं. सोडवायला मला पूर्ण जोर लागला. घट्ट सांधा हलेल कसा?

मामा : तूच सांग. शिकवतेस ना.

मी सांगितलं, कारण ते मला ठाऊक होतं, फक्त या जागी कधी जुळवून पाहिलं नव्हतं. घट्ट कसलेला आटाही केसाच्या अंशाएवढा हलत असतो. पेडलवरचा भार दर फेऱ्यात दांड्याभोवती पूर्ण फिरतो. त्या फिरत्या भारामुळे दांडा आपल्या भोकात अगदी किंचित, भाराच्या उलट दिशेने सरकू पाहतो. पेन्सिल मुठीत सैल धरून तिचं बाहेरचं टोक गोल गोल फिरवा. मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती उलटी फिरताना जाणवेल. पेडलचंही असंच होतं. डाव्या पेडलला उलटे आटे असतात ते यासाठीच, म्हणजे हे सरकणं दोन्ही बाजूंना पेडल सैल करण्याऐवजी घट्ट करतं. आता आटे कोरडे असतील तर हेच सरकणं झटक्या-झटक्याने होतं, दर झटक्याला एक ‘कट’, आणि घासून काळी भुकटी पडते.

मामा : मग कान खरा होता म्हणायचा.

मी : तू आत्ता माझ्या बाजूने बोलतोयस.

मामा : बाजू कसली. भुकटी दिसली म्हणून बोलतोय. खोललं नसतं तर दिसली असती?

त्याने रॉकेलच्या फडक्याने क्रँकचं भोक आणि भोवतालचा भाग लख्ख पुसला आणि टॉर्च धरून बराच वेळ पाहत बसला. क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा, आणि पेडलच्या भोकापाशी त्याच्यावर मोठा ताण येतो. तिथून निघणारी बारीक रेघ म्हणजे तडा. तसा तडा असेल तर ग्रीस लावून आवाज गप्प करणं धोक्याचं आहे, कारण पुढचा आवाज क्रँक तुटल्याचाच येईल, तोही पूर्ण वजन टाकून उभं असताना. रेघ नव्हती. चिखलाने माखलेल्या क्रँकवर ती असती तरी दिसली नसती, आणि या एका मुद्द्यावर मी मामाची पद्धत पूर्णपणे मान्य केली. आधी साफ, मग निदान.

आटे दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले, पुसले, ग्रीस लावलं, क्रँक आणि पेडल यांच्यामध्ये पातळ पोलादी वॉशर घातला आणि पेडल हाताने फिरवत पूर्ण आत नेलं. कसताना मी टॉर्कचा पाना वापरायचा हट्ट धरला. शिमानो 35 ते 55 न्यूटन-मीटर सांगते. 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण 18 किलोचा जोर लावला की 35 होतात. मामाने आधी हाताने कसलं, मग मी पाना लावून पाहिला. 40 भरला. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बोपदेवला गेले. ‘कट’ होताच. आधीपेक्षा बारीक, पण होता. आणि आता त्याच्या मागे ‘कुईं’ स्पष्ट ऐकू येत होती.

मी : मामा, आटे नव्हतेच. आवाज अजून आहे.

मामा : एवढ्यात सोडून दिलंस त्यांना?

मी : एक गोष्ट बदलली, परिणाम झाला नाही, म्हणजे ते कारण नव्हतं.

मामा : दोन चोर असले तर? एकाला पकडून आत टाकलंस, रात्री पुन्हा चोरी झाली. म्हणून पहिल्याला निर्दोष सोडणार?

याचा मी दिवसभर विचार केला. माझ्या पद्धतीतली फट त्याने नेमकी दाखवली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही रीत कारण एकच असेल तेव्हा चोख चालते. कारणं दोन असतील आणि दोघांचा आवाज एकाच क्षणी, दोन वाजता, जोर पडतानाच येत असेल, तर एक दुरुस्त करूनही आवाज राहतो आणि आपण खऱ्या दोषीवर फुली मारतो. पुढे जाऊन पहिला बदल पूर्ववत केला तर आणखी वाट लागते. आवाजाच्या मागे लागलेले कितीतरी सायकलस्वार महिनोन् महिने याच फेऱ्यात अडकतात. आज पेडल, उद्या सीट, परवा चेनरिंगचे बोल्ट, आणि काहीच लागू पडलं नाही अशी तक्रार. केलेली दुरुस्ती केलेलीच राहू द्यायची, तिच्यावर पुढची चढवायची. हे मी मामाकडून घेतलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर चालवून पाहायचं आणि लिहून ठेवायचं, हे मी सोडलं नाही.

दुसऱ्या शनिवारी बूट घेऊन बसलो. इथे मामाचा अनुभव संपत होता आणि माझा सुरू होत होता, कारण त्याने आयुष्यात क्लीट पाहिली नव्हती.

मामा : हे प्लास्टिक आणि ती पोलादी पट्टी, कोरडी घासतायत. तेल सोड दोन थेंब.

मी : तेल नको.

मामा : अगं, कोरड्या सांध्याला तेल नको?

मी : हा सांधा उघडा आहे, मामा. दर थांब्याला मी याच क्लीटवर चालते. टपरीपुढची माती, पेट्रोल पंपावरची वाळू, सगळं याला लागतं. तेल लावलं की वाळू चिकटणार. तुम्ही व्हॉल्व्ह बसवताना ग्राइंडिंग पेस्ट लावायचा ना? तीच इथे तयार होणार, आणि क्लीट आठवड्यात झिजणार.

मामा : ...बरोबर आहे.

मी : शिवाय तेलकट क्लीट घालून हॉटेलच्या फरशीवर पाय घसरतो तो वेगळाच.

मामा : मग काय लावतेस?

मी : मेण.

‘कुईं’ का होते, हे त्याला सांगताना मी सारंगीचं उदाहरण दिलं. गजाला राळ लावतात ती गज गुळगुळीत सरकू नये म्हणून. गज तारेला धरतो, तार ताणली जाते, एका मर्यादेला सुटते, लगेच पुन्हा धरली जाते. धरणं आणि सुटणं सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्याचाच सूर होतो. स्थिर असताना घर्षण जास्त, सरकू लागल्यावर कमी, या फरकावर सारंगी वाजते. माझ्या क्लीटला सहा अंशांची मोकळीक आहे. शिमानोची पिवळी क्लीट सहा अंश, निळी दोन, लाल शून्य. त्या सहा अंशांत टाच प्रत्येक फेऱ्यात थोडी आत-बाहेर होते आणि कोरडं प्लास्टिक पोलादावर तसंच धरतं, सुटतं. उपाय म्हणजे धरणंच कमी करायचं. साधी मेणबत्ती क्लीटच्या तळाच्या घासणाऱ्या भागांवर आणि पुढच्या नाकावर घासली की कोरडा थर बसतो, धूळ धरत नाही. सिलिकॉनचा कोरडा स्प्रेही चालतो, फक्त तो फडक्यावर मारून मग पुसायचा. डिस्क ब्रेकच्या चकतीवर त्याचे तुषार गेले तर ब्रेक धरणार नाहीत.

पण मेण लावण्याआधी क्लीट काढायची होती. पेनने क्लीटच्या कडेने बुटावर रेघ आखून घेतली. ही रेघ विसरू नका. क्लीट दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर गुडघा दोनशे किलोमीटरनंतर त्याची आठवण करून देतो. चारची अ‍ॅलन की लावली. तीनपैकी दोन स्क्रू व्यवस्थित निघाले. तिसरा बोटाने फिरत होता.

मामा : हा सैल होता?

मी : हो.

मामा : आणि तू मला तेल, मेण, सारंगी सांगतेस!

मी : तूच मला आट्यांत अडकवलंस. क्रम माझा होता, बुटापासून.

यावर आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. तो रागावला नव्हता, मीही नव्हते. स्क्रू टेबलावर होता. त्याच्या आट्यांत ताम्हिणीची वाळू होती, वॉशरखाली होती, क्लीट आणि बुटाच्या सोलमध्ये तर वाळूचा पातळ थरच होता. बूट उलटा करून बघितलं असतं तर इतके दिवस आणि बॉटम ब्रॅकेटचे पैसे वाचले असते. क्लीटचं नाकही झिजलं होतं, टोकांचा पिवळा भाग घासून जवळजवळ नाहीसा झाला होता. अशी क्लीट पकडीत डुलते, आवाज करते. त्याहून वाईट म्हणजे नको त्या क्षणी सुटते. उभं राहून जोर देताना एक पाय सुटला तर माणूस थेट दांडीवर आदळतो.

नवी क्लीट बसवली. तळवा पुसला, स्क्रूंना किंचित ग्रीस, आखलेल्या रेघेवर क्लीट, तिन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने, शेवटी 5 ते 6 न्यूटन-मीटर. मग मेण. डाव्या बुटालाही तेच सगळं केलं. ‘डावा ओरडत नाही’ असं मी म्हणून पाहिलं, मामाने ऐकलं नाही. त्याचं बरोबर होतं. डाव्या क्लीटचंही नाक तितकंच गेलं होतं.

पेडलचं बेअरिंग पाहायला दोन मिनिटं लागली. पेडल हाताने फिरवलं, खरखर लागली नाही. क्रँक धरून पेडल वर-खाली हलवलं, खेळ नव्हता. खेळ असता तर दांडा बाहेर काढून छर्रे धुऊन ग्रीस भरावं लागलं असतं आणि मामाची दिवाळी लवकर आली असती. एवढं मात्र सांगते, बेअरिंगच्या फटीत गंज सोडवणारा पातळ स्प्रे मारू नका. आवाज दोन दिवस जातो, कारण तो आतलं ग्रीसच विरघळवून बाहेर काढतो, आणि मग बेअरिंग खरंच जातं. पाण्याचा जोरदार फवाराही पेडलवर मारू नका. मी ताम्हिणीहून आल्यावर नेमकं तेच केलं होतं.

बुटातला आतला सोल काढून वाळवला, खाली चिमूटभर पावडर टाकली. ओला सोलही चुरचुरतो. तेवढं झालं.

रविवारी पहाटे पुन्हा बोपदेव. वरच्या वळणापर्यंत मी कान टवकारून होते. टायरचा आवाज होता, चेनचा होता, माझ्या श्वासाचा होता. वर पोचून मामाला फोन केला.

मी : गेला.

मामा : झालं तर मग.

मी : पण कशाने गेला? आटे, सैल स्क्रू, झिजलेली क्लीट, वाळू? चार गोष्टी केल्या आपण.

मामा : तुला काय वाटतं?

मी : ‘कुईं’ क्लीटची होती, यात शंका नाही, टाच हलवून ती वेगळी काढली होती. मोठा ‘कट’ सैल स्क्रूचा असावा. चपलेवर येणारा बारीक ‘कट’ आट्यांचा, कारण तिथे बूटच नव्हता.

मामा : मग कळलं की. कशाने गेला विचारतेस आणि सगळं सांगतेस.

मी : खात्री करायची तर आटे पुन्हा कोरडे करून चालवून बघायला हवं.

मामा : खबरदार पेडलला हात लावशील तर.

मी हात लावला नाही. तरीही मला वाटतं, कारण जाणून घ्यायची माझी ओढ वाया गेलेली नाही. चपलेवरचा तो आवाज वहीत लिहिलेला नसता, तर मामाने आट्यांना हात घातला नसता. क्लीट बदलून आवाज निम्मा झाला असता आणि उरलेल्या निम्म्यासाठी मी पुन्हा एखाद्या दुकानात गेले असते. मामाच्या ‘सगळं साफ कर’ने सायकल दुरुस्त झाली, हे खरं आहे. पण त्याच्या पद्धतीने पुढच्या पावसाळ्यात कुठे आधी बघायचं ते कळत नाही. माझ्या वहीमुळे कळतं. एकट्या माझ्या पद्धतीवर मी आज पैज लावणार नाही, आणि एकट्या त्याच्याही नाही. भाग बदलण्याच्या आधी सांधा साफ करून बघावा, यावर मात्र आमचं दोघांचं एकमत आहे, आणि पेडलच्या बाबतीत ते मी कुणालाही ठामपणे सांगेन.

300 ची बीआरएम मी 17 तास 40 मिनिटांत पूर्ण केली. परतीच्या वाटेवर रात्री कात्रजच्या जुन्या घाटात माझ्यापुढे एक तरुण मुलगा होता. त्याच्या सायकलमधून दर फेऱ्याला एक बारीक ‘कट’ येत होता. वर चहाच्या टपरीपाशी थांबलो तेव्हा मी त्याला बूट काढायला लावला. तीनपैकी एक स्क्रू अर्धा बाहेर आला होता. माझ्याकडे चारची अ‍ॅलन की होती. कसून दिला आणि तो पुढे गेला.

तुम्ही क्लीटवाले बूट वापरत असाल, तर पुढच्या फेरीच्या आदल्या रात्री ते उलटे करून दिव्याखाली धरा. दोन्ही बुटांचे सहाही स्क्रू चारच्या अ‍ॅलन कीने चाचपून बघा. पावसातून आला असाल तर क्लीट काढून खालची वाळू पुसा, काढण्याआधी पेनने रेघ आखा. क्लीटच्या टोकांचा रंगीत भाग घासून गेला असेल तर ती फेकून द्या, आवाज येत असो वा नसो.